होडीची फळी

हिरामणनं खांद्यावरची फळी शाळेच्या पायऱ्यांवर धाडकन टाकली. तीनच पायऱ्या, पण मेल्यांनी त्याच्या उन्नतीची दहावी अडवून धरली होती. पोरीचे पाय जन्मापासून लुळे, डोकं मात्र असलं तल्लख की अख्ख्या वर्गाला मागं टाकायची. नववीपर्यंत वर्ग जमिनीलगत होता, चाकाची खुर्ची सरळ आत जायची. यंदा वर्ग बदलला. मासेमारीला बंदी होती तोवर बापानं तिला रोज उचलून वर नेलं. आता बंदी उठली. मोऱ्याला, गावच्या बंदरात, होडी तयार होती, आजच्या भरतीला निघायचं होतं.

मुख्याध्यापक दिनानाथ सर कागद घेऊन उभेच होते.

"हिरामणभाऊ, हट्ट सोडा. सतरा नंबरचा फॉर्म भरा. घरी अभ्यास करेल, परीक्षेपुरती येईल. उद्या पोर पडली तर टेन्शन कुणाला?"

"घरी कोन शिकवल तिला, सर? मी का तिची आय? आमी दोगंबी अंगठाछाप!"

"मग दाखवा चढवून. नाही जमलं तर कागदावर अंगठा."

हिरामणनं खुर्ची ढकलली. पुढची चाकं फळीवर चढली आणि खटकन अडकली. त्यानं जोर लावला तशी खुर्ची कलली. उन्नती किंचाळली. पोरं दारात गोळा झाली.

होडीवर चढताना ओले पाय घसरू नयेत म्हणून फळीवर आडव्या पट्ट्या ठोकतात. लेकीसाठी म्हणून हिरामणनं काल मुद्दाम जाड पट्ट्या ठोकल्या होत्या. अरे माणसा, चाकांना कसले पाय!

"झालं समाधान?" सरांनी शाईचं पॅड उघडलं.

हिरामणनं खुर्ची मागं घेतली. अंगठा पॅडकडे नेला.

"बाबा, पालथी घाला ना ती!" उन्नती ओरडली.

त्यानं फळी उलटली. पट्ट्या पायऱ्यांच्या कडेला अडकून बसल्या, फळी तसूभर हलेना. हिरामणनं दात-ओठ खाऊन खुर्ची रेटली. वर गेली! उन्नती मागं वळूनसुद्धा न बघता वर्गात शिरली. बापाला रडूच फुटलं.

सरांनी कागदाची घडी केली. "आणि फळी?"

"ऱ्हाऊ द्या हितंच. उद्याबी शाला हाय, पोरं ढकलतील तिला."

मोऱ्याला होडीवरचा जोडीदार सयाजी होडीतून ओरडला. फळीविना पाण्यातून चढताना कमरेपर्यंत भिजला होता बिचारा. "फली कुठं सोडलीस रं?"

"शालेन," हिरामण म्हणाला आणि पाण्यात उतरला.