तीन शिट्ट्या

मास्तर शाळेत पीटी शिकवायचे. मैदानावरची पाचशे पोरं त्यांच्या एका शिट्टीत चिडीचूप व्हायची, त्यामुळे डोंगरावरही त्यांचाच कायदा. पुढच्याने दर वळणावर एक शिट्टी मारायची, मागच्याने दोन मारून ठीक आहे म्हणून कळवायचं. तीन म्हणजे थांबा, मागे या.

अकरा वर्षांपूर्वी डोंगराच्या याच धारेवरून तळ्याकडे जाताना मास्तरांच्या मागे धाकटा भाऊ होता. नकाशा कोण विसरलं यावरून सकाळीच दोघांची जुंपली होती. धाकटा तसा खोडकर, चेष्टेत उगाच तीन मारायचा. त्या दिवशीही तीन वाजल्या. पुन्हा तीन, मग कितीतरी वेळ तीन-तीन. "वाजव लेका, वाजव," असं पुटपुटत मास्तर तणतणत पुढे चालत राहिले. दुसऱ्या दिवशी धाकट्याचं प्रेतच एका वळणाखालच्या दरीत सापडलं. घरी मास्तरांनी सांगितलं, वारा फार होता, काही ऐकूच आलं नाही. मास्तर खोटं बोलतील हे कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही, आणि तेच त्यांना आतून खात होतं.

आज मागे धाकट्याची मुलगी चालत होती. बाबा गेले ती वाट एकदा बघायचीच, असा तिने लकडा लावला होता. मास्तरांनी गुडघ्यांची, हवेची, सगळी कारणं सांगून पाहिली. त्यांना भीती एकाच गोष्टीची होती. त्या वळणावर ती विचारणार. खरं सांगितलं तर ही पोर कायमची तुटणार, आणि पुन्हा खोटं बोलायचं तर ते तिच्या डोळ्यांत बघून.

धारेवर धुकं उतरलं. दहा पावलांवरची झाडं दिसेनाशी झाली. ते वळण आलं तशी मास्तरांनी एक शिट्टी मारली, मागून दोन आल्या, आणि ते मान खाली घालून तसेच पुढे सटकले. नंतरही प्रत्येक वळणावर दोन येत राहिल्या, अगदी वेळेवर, जरा जास्तच जवळून. एकदा त्यांनी वळून पाहिलं. वाटेवर कुणी नव्हतं.

तळं दिसलं तेव्हा त्यांनी सवयीने शिट्टी मारली. उत्तर आलं, तीन.

गुडघे विसरून मास्तर आल्या वाटेने धावत सुटले. शिट्ट्या त्यांच्या पुढे पुढे वाजत होत्या, तीन-तीन, आणि त्या वळणाशी येऊन थांबल्या.

पुतणी खडकाला टेकून बसली होती. घोटा सुजून टम्म झाला होता.

"मोठेकाका! ओरडून ओरडून घसा बसला माझा."

"शिट्ट्या तूच मारत होतीस ना?"

"कुठून मारणार? पाय घसरला तेव्हाच दोरी तुटून ती खाली गेली. तुम्हाला कसं कळलं?"

मास्तरांनी एकदा दरीकडे पाहिलं. मग त्यांनी तिला उठवलं, तिचा हात आपल्या खांद्यावर घेतला. चार पावलं लंगडत गेल्यावर ती म्हणाली, "तेव्हा बाबांची शिट्टी ऐकू आली असती, तर तुम्ही असेच धावत आला असता."

इथे गप्प बसणं सोपं होतं. अकरा वर्षं जमलंच होतं.

"आली होती," मास्तर म्हणाले. "पाऊण तास येत होती. मी तळ्यावर जाऊन डबा खाल्ला."

तिने खांद्यावरचा हात काढून घेतला. उतार अजून तीन तासांचा होता, आणि त्या खांद्यावाचून तिला एक पाऊलही टाकता येत नव्हतं.