मागं वळायचं न्हाय

माझा पहिला सामना व्हायच्या आठ दिवस आधीच आमच्या गल्लीच्या तोंडावर माझं डिजिटल, म्हणजे फ्लेक्सचा फलक, लागलं. चांगलं पंधरा फुटी. वर गल्लीतल्या तालमीचं नाव, मध्ये लग्नाच्या फोटोतून कापून काढलेलं माझं डोकं, आणि खाली ‘राष्ट्रीय नेमबाज सौ. रूपालीवहिनी यांचे हार्दिक अभिनंदन! नाद करायचा न्हाय!’ तोवर मी आयुष्यात सगळे मिळून सहा तास पिस्तूल हातात धरलं होतं. राष्ट्र सोडाच, नेमबाजीसाठी मी गारगोटी रोडच्या पुढंही गेले नव्हते.

हा उद्योग माझ्या दिराचा, अमरसिंहचा. महापालिकेत निवडून जायचं म्हणून हा माणूस आठ वर्षं झटला. वॉर्डात कुणाचं बारसं असो की मयत, भाऊजी सगळ्यांच्या आधी हजर. आणि ऐनवेळी वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला. भाऊजींचं लग्न अजून जमायचंय, सासूबाई सत्तरीच्या. राहता राहिले मी. माझा नवरा, कृष्णात, फौंड्रीतून आला, हात-पाय धुतले आणि म्हणाला, “नावालाच उभं राहायचं हाय गं. सगळं अमरच बघणार हाय.”

त्याला वाटलं, त्यानं माझी समजूत घातली. खरं तर तेच ऐकून माझा जीव घुसमटला. नाव माझं, तोंड माझं, सही माझी आणि बाकी सगळं अमरच बघणार. मी नको म्हटलं, दोनदा म्हटलं. भाऊजी हसले. “वैनी, नगं म्हणणाऱ्या बाईलाच लोक मतं देत्यात,” म्हणाले.

नेमबाजीचा नाद तसा अपघातानंच लागला होता. मी मेडिकलमध्ये औषधं देते. केमिस्ट लोकांच्या संमेलनात एक स्टॉल होता, तिथं गंमत म्हणून हवेचं पिस्तूल चालवलं आणि पहिल्याच छर्ऱ्याला पोलादी तबकडी टण् वाजली. तो आवाज डोक्यातून जाईना. मग दर रविवारी अकरा ते बारा मी गारगोटी रोडच्या एका बंद पडलेल्या ऑइल मिलच्या शेडमध्ये शिकायला जाऊ लागले. शिकवणारे आकाराम सुभेदार, फौजेतून निवृत्त झालेले, गगनबावड्याकडचे. बोलणं कमी आणि जे बोलतील ते तोंडावर.

मला काही पदकं नको होती. मला तो एक तास हवा होता. त्या तासात मला कुणी हाक मारत नव्हतं. घरी मला सकाळपासून हाका. ‘वैनी, च्या.’ ‘रूपाली, माझी बीपीची गोळी कुटं ठेवलीस?’ ‘अगं, टॉवेल.’ बारा वर्षांत अशी सवय लागलीय की हाक आली की तोंडातून आधी ‘ओ’ निघतं, मग मान वळते, आणि हातातलं काम मी विसरून जाते. शेडमध्ये मात्र समोर पाच तबकड्या आणि मी. तो तास गेला असता तर आठवड्यात माझं म्हणून काही उरलं नसतं. म्हणून मी निवडणुकीचं काय व्हायचं ते होऊ दे म्हटलं, पण शेड सोडायचं नाही असं ठरवलं.

सामन्याच्या आदल्या रविवारी सुभेदारांनी आम्हा नवख्यांना समोर उभं केलं.

“चार तबकड्या पांढऱ्या, पाचवी लाल. लाल वाजली की घड्याळ बंद. म्हणून लाल शेवटी. नवी माणसं लाल बघून भुलत्यात, ती आधीच वाजवत्यात, आणि ऱ्हायलेल्या पांढऱ्यांचा तीन-तीन सेकंद दंड बोडक्यावर घेत्यात. दुसरं, घाई करायची न्हाय. घड्याळ पळतंय म्हणून आपण पळायचं न्हाय. तिसरं, लागली का बघत बसायचं न्हाय. लागली तर कानाला कळतंय. डोळा फुडच्या तबकडीवर. चुकली तर तितंच दुसरा छर्रा मारायचा आणि मग फुडं.”

मग त्यांनी चष्मा काढून पुसला.

“आणि ही सगळ्यात मोठी गोष्ट. पिस्तूल हातात असताना मागं वळायचं न्हाय. बा मेला म्हणून कुणी वरडू दे, न्हाय म्हंजे न्हाय. वळला की बाद. सामन्यातनं बी आणि वर्षभर ह्या शेडमधनं बी.”

मला हसू आलं. इतकं सगळं शिकायचं, आणि सगळ्यात मोठी गोष्ट काय, तर मागं न वळणं! म्हटलं, हे काय अवघड आहे?

सामन्याच्या दिवशी तालमीची वीस-पंचवीस पोरं हलगी घेऊन आली. सुभेदारांनी हलगी दाराबाहेर ठेवायला लावली, माणसं दोरीच्या मागं उभी केली. भाऊजी पांढरा शर्ट घालून पुढंच. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, “हरले तर ओ?”

“जिंका न्हायतर हरा, वैनी. मला फोटू पायजे. लग्नातल्या फोटूवर लोक हसाय लागल्यात.”

म्हणजे जिंकूनही सुटका नाही आणि हरूनही नाही. पण खरं सांगू? त्या बोलण्यानं मला हलकंही वाटलं. हार-जीत त्यांच्या कामाचीच नव्हती, म्हणजे ती पूर्ण माझी होती.

पाच फेऱ्या, पाचही फेऱ्यांच्या वेळांची बेरीज; ज्याची कमी, तो वर. पहिल्या फेरीत मी नवखी ती नवखीच. दोन पांढऱ्या झाल्या आणि लाल दिसली तशी वाजवून मोकळी झाले. दुसऱ्या फेरीत दोन छर्रे हुकले. तिसरीत लाल शेवटीच वाजवली. चौथीत एकही छर्रा हुकला नाही. सुभेदार माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “ताई, तिसऱ्या नंबरावर हाय तुमी. ही एक अशीच होऊ दे.”

मी जागेवर उभी राहिले. घड्याळाची शिटी वाजली. टण्. डोळा पुढच्या तबकडीवर. टण्. मी श्वास सोडला. टण्. मला आतून इतकं बरं वाटत होतं की काय सांगू! टण्. चार झाल्या. पिस्तुलाचं टोक लालवर आलं, स्थिर झालं, आणि बोट दाबायला लागलं.

“वैनी! हिकडं बघा!”

“ओ,” मी म्हणाले, आणि वळले.

दोरीमागची माणसं धडाधड खाली बसली. भाऊजी तेवढे उभे होते, मोबाइल डोळ्यांसमोर धरून. माझं पिस्तूल त्यांच्या छातीवर रोखलेलं. सुभेदारांनी मागून माझं मनगट धरलं, पिस्तूल तबकड्यांकडे फिरवलं, रिकामं केलं आणि टेबलावर ठेवलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

“ताई, संपला सामना तुमचा.”

“हाक आली ओ, सुभेदार. माझं लक्षच...”

“म्हणूनच सांगितलं हुतं की.” त्यांचा आवाज खाली गेला. “नियम सगळ्यांना सारखा. वर्षानं या. जागा ठेवतो तुमची.”

लाल तबकडी तिकडं तशीच उभी होती. मला रडू कोसळलं, तिथंच, सगळ्यांसमोर. आणि दोरीमागून भाऊजी पोरांना मोबाइल दाखवत म्हणत होते, “काय आलाय फोटू! कडक! एक नंबर!”

सोमवारी नवं डिजिटल लागलं, वीस फुटी. मी, डोळ्यांवर गॉगल, दोन्ही हातांनी धरलेलं पिस्तूल, थेट बघणाऱ्यावर रोखलेलं. ‘भावी नगरसेविका. नेम अचूक, विकास हमखास!’ मेडिकलमध्ये येणारा जो तो अभिनंदन करत होता. निकाल एकानंही विचारला नाही. पिस्तूल रोखलेल्या फोटोवरून पोलीस विचारतील, असं म्हणून बघितलं, तर भाऊजी म्हणाले, “हवेचं हाय की!” दुकानातून घरी येताना त्या फलकाखालून यावं लागतं. कुठल्याही बाजूनं या, ती बाई माझ्यावरच नेम धरून असते. माझ्याच चुकीचा फोटो, आणि मला त्याच्याखालून रोज दोनदा जायचं.

बुधवारी सकाळी सातला नळाला पाणी आलं होतं. मी घरामागच्या परड्यात घागर भरत होते. माझ्या पाठीमागं सोप्यात, ओसरीवर, भाऊजींनी उमेदवारीचे कागद पसरले होते, कृष्णात पेन शोधत होता.

“वैनी, या. सही तेवढी करा.”

‘ओ’ ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं.

“वैनी!”

मान आपोआप हलायला लागली. मी दोन्ही हातांनी घागरीचा गळा घट्ट धरला आणि नळाच्या तोंडाकडे बघत राहिले.

“रूपाली,” सासूबाई ओरडल्या, “हाक ऐकू यीना व्हय?”

घागर भरली. पाणी काठावरून माझ्या पायांवर सांडायला लागलं. मी वळले नाही. सोप्यातली बोलणी बंद झाली. बारा वर्षांत पहिल्यांदाच या घरात हाक मारून कुणीतरी माझी वाट बघत होतं. अशी किती वेळ उभी राहीन, मला ठाऊक नव्हतं. नळाचं पाणी साडेसातला जातं.