साखराबाईची सवत

“तीन न्हाईत, चार हाईत पिल्लं, चार!” धुळाजी लांबूनच ओरडत आला. “चौथं लई बारीक हाय. आज बिळाच्या तोंडापतुर आलतं.”

साखराबाई चुलीपुढं बसली होती. दिवसभर मेंढरांमागं एकटीच हिंडून तिच्या पोटऱ्या भरून आल्या होत्या.

“ती काळतोंडी मेंढी लंगडतीय. जरा खूर बघता का?”

“बघतो की,” तो म्हणाला, आणि पुन्हा पिल्लांचंच सांगू लागला. लांडगी कशी आली, पिल्लं कशी तिच्या अंगावर चढली. मेंढीचा खूर शेवटी साखराबाईनंच साफ केला.

कडा गावाच्या पल्याडच्या या माळावर एके काळी लांडगे पुष्कळ होते. धुळाजीचा बाप बिळात मिरच्यांची धुरी घालून पिल्लं मारायचा. सगळेच धनगर मारायचे. मग मेलेल्या जनावरात विष घालणं आलं, माळ नांगरले गेले आणि लांडगे दिसेनासे झाले. धाकटी मेंढरं लांडग्याच्या वासाशिवायच मोठी झाली. पुढं कुठून तरी एक जोडी आली. तिच्या मागोमाग लांडग्यांचा अभ्यास करणारी माणसं नगरहून आली. विष घालू नका, मेंढरू गेलं तर भरपाई मागा, असं वाड्यावाड्यांवर सांगत फिरली. बिळाची राखण त्यांनी धुळाजीकडं दिली. दोन लांडग्यांचे बरेच झाले, इकडंतिकडं पांगले; या बिळात ही लांडगी उरली. आयुष्यात ज्याला कुणी कधी काही विचारलं नव्हतं, त्या धुळाजीला जीपमधून आलेली माणसं विचारू लागली.

बाजारात बाया हसायच्या. “साखराबाई, सवत बरी हाय का तुजी?”

साखराबाईही हसायची. पण पाणी भरताना, मेंढरांभोवती वाघरीचं जाळं ठोकताना तो शब्द तिला टोचत राहायचा. पहाटे उठून नवरा अंगावर घोंगडं घेई आणि बिळाकडं जाई. तिच्यासाठी तो असा कधी उठला होता?

माघात लांडगीनं कोकरू नेलं. नुसतं कोकरू नव्हतं ते. आई मेल्यावर साखराबाईनं बाटलीनं दूध पाजून जगवलेलं होतं. हाक मारली की धावत येऊन तिच्या पदरात तोंड खुपसायचं. दुपारी तिच्या डोळ्यांदेखत लांडगीनं ते उचललं.

धुळाजी आल्यावर तिनं रडतच सांगितलं. त्यानं घोंगडं खाली ठेवलं. मग म्हणाला, “वाईट झालं. पर दूध फुटंल आता लांडगीला. लई वाळलीती.”

साखराबाईचं रडणं थांबलं.

“मनिषा झाली तवा मला दूध येत नव्हतं,” ती म्हणाली. “शेळीच्या दुधावर जगली लेक. तवा इचारलं का तुमी?”

“आता ते कशापायी काढती?” धुळाजी म्हणाला. “लेक नांदतीय केजला सुखानं.”

दुसऱ्या दिवशी धुळाजी आष्टीला गेला. साखराबाईनं मेंढरं जावेच्या हवाली केली, पदरात वाळक्या मिरच्या आणि काडेपेटी बांधली आणि बीळ गाठलं. वाळकं गवत तोंडाशी कोंबलं, वर मिरच्या टाकल्या. काडी ओढली.

आतून कुईकुई ऐकू आली. समोर, दगड मारला तर लागेल इतक्या अंतरावर लांडगी उभी होती. पळत नव्हती, गुरगुरत नव्हती. पोट खपाटीला गेलेलं, आचळं लोंबत होती. काडी साखराबाईच्या बोटांशी येऊन विझली. दुसरी काही तिला ओढवेना.

“बघतीस काय रांडं,” ती म्हणाली, आणि गवत लाथेनं बाजूला केलं. मिरच्या मात्र वेचून घेतल्या.

ती लांब हिवराच्या झाडाखाली जाऊन बसली. बऱ्याच वेळानं लांडगी बिळात शिरली. एकेक पिल्लू तोंडात धरून ओढा ओलांडू लागली. पलीकडच्या घळीत चौथं पिल्लू पोचेपर्यंत साखराबाई तिथून हलली नाही.

धुळाजीला रिकामं बीळ सापडलं, तेव्हा तो डोक्याला हात लावून बसला. “कुनी मारली का गं? का मानसाचा वास लागून गेली?”

“मला काय म्हाईत?” साखराबाई म्हणाली.

त्यानं सगळा माळ पालथा घातला. त्या घळीकडं तेवढा फिरकला नाही; तिकडं मेंढरं पाण्याला जातात, तिथं लांडगी कशाला राहील, असं त्याला वाटलं. साखराबाईनं दुसऱ्याच दिवसापासून मेंढरांचा पाणवठा बदलला होता. नगरची माणसं आली, हळहळली, पुढच्या तालुक्यात निघून गेली.

मग धुळाजी तिच्यासोबत मेंढरांमागं येऊ लागला. वाघर ठोकी, पाणी आणी, सांगितलं ते करी; पाणवठा का बदलला, हेही त्यानं विचारलं नाही. तिला हवं होतं ते सगळं मिळालं. पण भाकरी पुढ्यात ठेवली की तो घास हातात घेऊन तसाच बसून राही. ती काही बोलली तर “हां” म्हणे. पूर्वी निदान लांडगीचं तरी सांगत होता.

चैत्रात एका संध्याकाळी ते माळावर बसले होते. मेंढरं खाली होती. धुळाजी काठीनं माती उकरत होता. त्याच्या पाठीमागच्या टेकडीच्या धारेवर साखराबाईला हालचाल दिसली. पुढं लांडगी होती, मागं लांबलांब पायांची पिल्लं. चारही होती. शेवटचं जरा बारीक होतं.

ती गप्प राहिली असती तर थोड्या वेळात सगळी धारेपलीकडं उतरली असती. तिनं धुळाजीकडं पाहिलं. केस किती पिकले होते त्याचे. हे कधी झालं, तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

“आवो,” ती म्हणाली, “मागं बघा.”

तो वळला. काठी हातातून गळून पडली. “ती हाय गं,” तो म्हणाला, “चारी हाईत!”

साखराबाईनं धारेकडं पुन्हा पाहिलं नाही. ती त्याचं तोंड बघत होती. मेंढरं बिथरायच्या आत ती उठली, त्याची काठी उचलली आणि एकटीच खाली उतरू लागली.