सातच्या पुढचे आकडे

शाळेच्या लांबलचक व्हरांड्याच्या टोकाला, जिथे पोचेपर्यंत घंटेचा आवाजसुद्धा दमून खाली बसतो, तिथे बाईंची खोली होती. खिडकीला निळा पडदा होता, त्यामुळे भर दुपारी खोली तळ्याच्या तळाशी असल्यासारखी वाटायची. वर्गात ज्यांचं अडतं ती मुलं तासभर इथे यायची. कुणाला अक्षरं नाचताना दिसत, कुणाला गोंगाट टोचे. भिंगरीला बोलता येत नव्हतं. नऊ वर्षांची पोर, स्वतःभोवती गोल गोल फिरायची, म्हणून शिपाईमामांनी ठेवलेलं हे नाव. ती चित्रवहीतून बोलायची. वहीत छोटी छोटी चित्रं, काढता-लावता येतील अशी चिकटवलेली. हवं ते चर्रकन उपटायचं आणि समोरच्याच्या हातावर ठेवायचं. निदान तसं व्हायला हवं होतं.

खोलीचा नियम एकच, बाईंनीच लाल अक्षरांत भिंतीवर लिहिलेला: ‘विचारा. मग मनात सावकाश दहा मोजा. तोवर गप्प.’ काही मुलांना मनातलं हातापर्यंत आणायला तेवढा वेळ लागतो. पण नियम करणाऱ्या बाई आणि मोडणाऱ्याही बाईच. सातपर्यंत त्या तग धरायच्या. सातला तोंडातून निघूनच जायचं, “पाणी हवंय ना गं, राणी?” झालं. भिंगरी पाणी प्यायची, चित्र वहीतच राहायचं.

म्हणजे भिंगरी आल्यापासूनच्या तीन वर्षांत त्या खोलीतले आठ, नऊ आणि दहा कुणी वापरलेच नव्हते. आता न वापरलेली वस्तू जाते कुठे? अडगळीत. तसे ते आकडे उंच कपाटावर जाऊन साचले होते, पिंजलेल्या कापसासारखे. शिपाईमामा शपथेवर सांगत, की केर काढताना एकदा त्यांच्या टकलावर एक नऊ पडला आणि त्यांना घरी जायला उशीर झाला.

“उशीर तुम्हाला रोजच होतो, मामा,” बाई म्हणाल्या.

“रोजच पडतो, बाई.”

आणि मग तपासनिसांनी यायचं ठरलं. भिंगरीने स्वतःहून एक तरी गोष्ट मागून दाखवली तर ती याच शाळेत राहणार होती, नाहीतर तिची रवानगी दूरच्या निवासी शाळेत. भिंगरीची आई लॉन्ड्रीतून सुट्टी काढून सकाळपासून बाहेरच्या बाकावर बसली होती. हातांना अजून इस्त्रीची ऊब असावी, तसे ते मांडीवर जपून ठेवलेले.

“झोपताना तिला माझा कान धरायला लागतो हो, बाई,” ती म्हणाली. “तिथे कुणाचा धरेल?”

बाई आत गेल्या.

तपासनीस उंच, जरा वाकलेले, आणि इतके सावकाश की त्यांची सावली आधी खुर्चीत बसली आणि ते नंतर. त्यांनी टेबलावर काचेची बरणी ठेवली. आत लाल भोवरा, झाकण घट्ट लावलेलं. “तिने ‘उघडा’चं चित्र द्यायचं. तीन संधी. मोठ्या माणसाने सुचवलं तर ती संधी गेली.”

“तुला काय हवं?” बाईंनी विचारलं. भिंगरी भोवऱ्याकडे पाहत राहिली. पाच, सहा, सात... बाईंची मान आपोआप चित्रवहीकडे वळली.

“बाई,” तपासनीस म्हणाले, “मान.”

एक संधी गेली. दुसऱ्या वेळी बाईंनी मान अगदी खांबासारखी ताठ धरली. पण सातला हात निघाला आणि थेट झाकणावर जाऊन बसला. कुणाचा हात हा, अशा नजरेने त्या त्याच्याकडे बघत राहिल्या.

“परीक्षा नक्की कुणाची चाललीय?” तपासनिसांनी चष्मा पुसत विचारलं.

बाईंच्या लक्षात आलं: पोर घालवणार ती आपणच, आपल्याच मायेने. त्यांनी दोन्ही हात स्वतःच्या मांडीखाली दाबले आणि तिसऱ्यांदा विचारलं, “तुला काय हवं?”

पाच. सहा. सात. बाईंचे ओठ उघडले.

चर्र.

भिंगरीने बाईंचाच फोटो उपटला होता. तो त्यांच्या पदरात ठेवला. पुन्हा चर्र. दुसरं चित्र: उभा केलेला तळहात. थांबा.

बाई थांबल्या. ओठ मिटले. आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी मनात म्हटलं, आठ.

तेव्हा म्हणे कपाटावरून ते सगळे हलले. तीन वर्षांचे आठ, नऊ, दहा निळ्या उजेडात तरंगत उतरू लागले, बाईंच्या केसांवर, बरणीवर, तपासनिसांच्या चष्म्यावर. भिंतीवरचं घड्याळ पेंगुळलं. खिडकीतल्या कुंडीने एक नवं पान काढलं, उलगडलं आणि सावकाश हिरवं केलं. भिंगरी त्या पिंजलेल्या आकड्यांत एक गिरकी घेऊन आली, दुसरी घेऊन आली. कुणालाच घाई नव्हती. बाईंना वाटलं, अरेच्चा, सातच्या पुढे एवढी मोठी जागा होती?

दहा म्हणता म्हणता चर्र झालं. ‘उघडा’चं चित्र तिने तपासनिसांच्या हातावर ठेवलं, आणि न विसरता वर एक टिचकी मारली, झोपलात काय, अशी.

त्यांनी झाकण फिरवलं. ते हलेना. शेवटी शिपाईमामांना बोलवावं लागलं.

बाहेर आल्यावर भिंगरीने आधी भोवरा आईला दिला आणि मग तिचा कान धरला. आईने बाईंच्या हसऱ्या तोंडाकडे पाहिलं आणि दुसरा कानही पुढे केला.

अहवालात दोनच ओळी होत्या. ‘मुलगी एक नाही, दोन गोष्टी स्वतः मागते, तिने याच शाळेत राहावे. बाईंना दहापर्यंत मोजण्याचा सराव द्यावा.’

सराव भिंगरीच देते. आणि पटत नसेल तर मामांना विचारा, त्या कुंडीतलं पान अजून आहे. फक्त मामा हल्ली वेळेवर घरी जातात, त्यामुळे शाळेत सापडायचे नाहीत.