दुसऱ्या हनुवटीचे राज्य

मी एक जुना कॅलिपर आहे. त्या गुरुवारी सकाळी स्टीलच्या ट्रेमध्ये माझ्याबरोबर काय काय होते, ते मला अजून नीट आठवते. औषधाच्या दोन सीलबंद कुप्या, प्रत्येकी दोन मिलिलिटरच्या. एक मिलिलिटरच्या चार सिरिंज. त्यांच्या चार बारीक सुया. चौकडीचे ठिपके उमटवणारा एक चिकट कागद. बर्फाची एक पिशवी. जाळीदार पट्टीचे एक मोठे बंडल. आणि मी. एकूण चौदा वस्तू. त्यांतल्या बहुतेक त्याच दिवशी कचऱ्यात जाणार होत्या. मी मात्र पुन्हा खणात जाणार होतो.

मित्रांनो, मी दिसायला खेकड्याच्या नांगीसारखा आहे. दोन जबडे, मध्ये एक स्प्रिंग आणि पाठीवर शून्य ते साठ मिलिमीटरची पट्टी. कातडी आणि तिच्याखालची चरबी चिमटीत धरून तिची जाडी सांगायची, एवढेच माझे काम. माझा जन्म समुत प्राकानच्या एका कारखान्यात झाला. तिथून मी नाखोन सावनच्या क्रीडाशाळेत आलो आणि मुष्टियुद्ध शिकणाऱ्या मुलांची पोटे मोजू लागलो. मुलांना गुदगुल्या व्हायच्या. काही जण श्वास रोखून पोट आत ओढायचे, पण त्याने चरबी कमी होत नाही. "याच्यासमोर कुणाचं चालत नाही," असे आमचे गुरुजी म्हणायचे, आणि मला फार बरे वाटायचे.

मग शाळेत विजेचा काटा आला. त्याच्यावर नुसते उभे राहिले की चरबीचा आकडा दिसायचा. मी गुरुजींच्या घरी गेलो आणि मासे धरायचे गळ, एक फुटकी शिटी आणि संपलेले सेल यांच्यासोबत एका डब्यात पडून राहिलो. स्प्रिंग आखडली. पट्टीवरचे आकडे काळवंडले. किती वर्षे गेली ते मला सांगता येणार नाही, कारण डब्यात मोजण्यासारखे काही नव्हते.

गुरुजींची मुलगी निम त्वचेची डॉक्टर झाली. बाजारातल्या शेवयांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर तिने दवाखाना थाटला. एकदा गळ शोधताना तिला मी सापडलो. तिने मला तेल दिले, घासले आणि बरोबर दहा मिलिमीटर जाडीचा पोलादी ठोकळा माझ्या जबड्यात धरला. मी दहा दाखवले. तिने पुन्हा धरला. पुन्हा दहा. "बरं," ती म्हणाली, आणि मला नोकरी लागली. आता माझ्याकडे पोटे नव्हती, हनुवट्या होत्या. डॉक्टर निमची एक सवय मला पहिल्यापासून आवडली. ती आकडा हळू आवाजात सांगायची, ज्याचा त्यालाच ऐकू जाईल इतका.

त्या गुरुवारी खुर्चीत बसला होता तो फायुप. आमच्या भागात देवळांच्या आवारात लिके हा नाट्यप्रकार रंगतो. गाणे, नाच, चमचमते पोशाख, आणि संवाद आयत्या वेळी रचलेले. फायुप पंचवीस वर्षे लिकेतला राजपुत्र होता.

"डॉक्टर, मी शेहेचाळीस वर्षांचा राजपुत्र आहे," तो म्हणाला. "राजपुत्राला दोन राजवाडे चालतात, दोन राण्या चालतात. दोन हनुवट्या नाही चालत."

शेजारी त्याची थोरली बहीण लमदुआन हातपंख्याने वारा घेत बसली होती. नाटकमंडळी तिचीच. "मी याला सांगून टाकलंय," ती म्हणाली. "नवीन वर्षापासून भाचा राजपुत्र, हा राजा. राजाला सिंहासनावर बसून राहायचं असतं. गुडघ्यांनाही बरं."

"माझे गुडघे ठणठणीत आहेत, ताई."

"गुडघे कोण बघतंय?"

"आणि तो प्याक," फायुप डॉक्टरांकडे वळला. प्याक हा त्यांच्या मंडळीतला विनोदी नट. "मी 'चंद्रासारखा माझा चेहरा' गायला लागलो की तो खाली वाकून बघतो आणि लोकांना म्हणतो, थांबा, खालून आणखी एक उगवतोय. आठ वर्षं झाली. गावोगाव."

डॉक्टरांनी मला उचलले. त्याच्या हनुवटीखालची घडी मी अलगद धरली. सव्वीस मिलिमीटर. त्यांनी हळूच सांगितले. फायुपने मान खाली घातली, आणि त्यामुळे घडी आणखी मोठी दिसली.

"ऐका," डॉक्टर म्हणाल्या. "या कुपीत जे आम्ल आहे, तसलंच आपल्या पित्तातही असतं, तेलकट जेवण पचवायला. इथे टोचलं की चरबीच्या पेशी फुटतात. मग शरीर तो पसारा हळूहळू आवरतं. पण आधी सूज येते. साधीसुधी नाही, बेडकासारखी. महिन्याने पुन्हा बघायचं. दोन-तीन वेळा तरी लागेल. तुमचा पुढचा खेळ कधी आहे?"

फायुपने बहिणीकडे पाहिले. बहिणीने बर्फाच्या पिशवीकडे पाहिले.

"पुढच्या महिन्यात," तो म्हणाला.

खेळ शनिवारी होता. पण मठातल्या भिक्खूंनी शुभ दिवस म्हणून हाच गुरुवार काढून दिला होता, आणि तसा पुढचा गुरुवार थेट नवीन वर्षानंतर होता. शिवाय सूज म्हणजे दाढी करताना कापल्यावर येते तेवढी, अशी फायुपची समजूत होती.

आमच्याकडे माणूस आपल्या डोळ्यांसमोर सील तोडल्याशिवाय सुई टोचून घेत नाही. पिशवी घेऊन घरोघरी फिरणारे खोटे डॉक्टर सगळ्यांना माहीत आहेत. फायुपनेही दोन्ही कुप्या उजेडात धरून पाहिल्या, मगच मान मागे टाकली. वीस ठिपके, प्रत्येक ठिपक्यात पाव मिलिलिटरहूनही थोडे कमी. त्याने डोळे मिटून एक लांबलचक गाणे मनातल्या मनात म्हटले. मित्रांनो, हा मोठ्या माणसांचा उपचार आहे आणि तो खऱ्या डॉक्टरांकडेच घ्यायचा असतो. तुमच्या हनुवट्या अजून वाढायच्या आहेत.

शनिवारी दुपारी दवाखान्यातला फोन वाजला.

"डॉक्टर, फायुपची मान गेली," लमदुआन म्हणाली.

"गेली म्हणजे?"

"दिसतच नाही."

"खेळ पुढच्या महिन्यात होता ना?"

"तुम्ही आधी या. मग बोला काय बोलायचं ते."

डॉक्टरांनी थर्मामीटर, पट्टीचे ते बंडल आणि मला पिशवीत टाकले. नदीकाठच्या देवीच्या आवारात रंगमंच उभा होता. पडद्यामागे फायुप हिऱ्यांच्या कपाळपट्टीसह उलट्या बादलीवर बसला होता. चेहरा तोच, पण हनुवटीपासून छातीपर्यंत सगळे एकच झाले होते.

डॉक्टरांनी ताप पाहिला. नव्हता. पाणी गिळायला लावले. गिळले. मग म्हणाल्या, "हसून दाखवा." फायुप कसनुसा हसला. ओठांचे दोन्ही कोपरे सारखे वर गेले, म्हणजे नसेला धक्का नव्हता. "उत्तम. सगळं ठीक आहे. औषध काम करतंय."

"औषध काम करतंय, डॉक्टर. मी कसं करू?" तो म्हणाला. "मोजा तरी किती झालंय ते."

"सूज मोजायची नसते, दादा. मोजली तर आकडा मिळेल, पण तो कशाचा आहे ते सांगता येणार नाही."

तेवढ्यात किमलांग मावशी आत आल्या. बाजारात माशांच्या गोळ्या विकणाऱ्या या मावशी फायुपच्या सर्वांत जुन्या चाहत्या. नातवाच्या डोळ्याची शस्त्रक्रिया नीट होऊ दे, देवीसमोर फायुपचा लिके करीन, असा त्यांचा नवस होता. नातू बरा झाला होता. आजचा खेळ त्या नवसाचाच.

मावशींनी फायुपला निरखून पाहिले. "मी देवीला एक फायुप बोलले होते," त्या म्हणाल्या. "हा दीड आहे."

"मावशी, भाचा तयार आहे," लमदुआन म्हणाली. राजपुत्राच्या वेशातला भाचा हात जोडून उभा राहिला. "गळा गोड आहे त्याचा."

"असेल. पण मी नावानिशी बोललेय. माणूस बदलला तर नवस फिटत नाही. उद्या पोराच्या डोळ्याला काही झालं तर देवीला काय सांगू, भाचा पाठवला होता म्हणून?"

फायुपने कपाळपट्टी काढून मांडीवर ठेवली. "मी गाईन, मावशी. पण लोक हसतील. देवीला राजपुत्र दिला असं होणार नाही, बेडूक दिला असं होईल." आणि तो प्याककडे पाहू लागला. सगळेच प्याककडे पाहू लागले.

प्याक काडीसारखा माणूस. त्याला हनुवटीच जवळपास नव्हती. खालच्या ओठापासून चेहरा सरळ गळ्यात उतरायचा. एवढी सूज पाहून त्याच्या तोंडाला पाणी सुटायला हवे होते. पण तो डॉक्टरांच्या पिशवीत डोकावला.

"डॉक्टर, ही पट्टी किती आहे?"

"भरपूर. का?"

प्याकने बंडल काढले, एक गुंडाळी केली आणि राजाचे काम करणाऱ्या म्हाताऱ्या नटाच्या हनुवटीखाली दाबली. वरून कातडीच्या रंगाचा रुमाल बांधला. मग मागे सरून चित्रकारासारखे पाहिले. "ताई," तो लमदुआनला म्हणाला, "याला दुसरी हनुवटी शोभते."

लिकेत पडदा उघडण्याआधी नटांना त्या दिवशीची गोष्ट सांगायची असते, आणि ती लमदुआन सांगायची. तिने राजाकडे पाहिले, मग भावाकडे. पंखा मिटला.

"ऐका रे सगळे," ती म्हणाली. "आज गोष्ट वेगळी. एक राज्य आहे. तिथे दुसरी हनुवटी म्हणजे राजरक्ताची खूण. जेवढी मोठी, तेवढा वारस खरा. राजपुत्र लहानपणी नदीत हरवलाय, तो आज परत येतो. राणी, राजकन्या, प्रधान, सगळ्यांनी पट्टी बांधा. प्याक, तू बांधू नकोस."

"कळलं. मी तोतया," प्याक म्हणाला. "कुणीतरी खोटं निघायला हवंच."

"आणि भाचा राजमापक. वारसाची हनुवटी तो मोजेल."

"कशाने मोजेल?"

सगळ्यांच्या नजरा माझ्यावर आल्या. डॉक्टरांनी मला स्पिरिटने पुसले. "परत पुसून द्यायचा," त्या भाच्याला म्हणाल्या. "आणि आकडा ओरडायचा नाही."

"डॉक्टर, लिकेत निरोपसुद्धा ओरडून घेतात," प्याक म्हणाला.

मित्रांनो, त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा दिव्यांच्या झगमगाटात गेलो. पडदा उघडला आणि लठ्ठ हनुवट्यांचा सगळा दरबार दिसला, तेव्हा लोक आधी गोंधळले, मग पहिल्या रांगेतून हसू सुरू झाले आणि मागे नारळपाणीवाल्यापर्यंत गेले. प्याक तोतया बनून ऐटीत आला. भाच्याने मला त्याच्या गळ्याला लावले. पकडायला काही सापडेना.

"शून्य," भाचा ओरडला.

"आमचं घराणं दुष्काळातलं आहे," प्याक म्हणाला. "आम्ही जनतेबरोबर उपाशी राहिलो. बाकीचे काय करत होते, ते त्यांच्या गळ्यांना विचारा."

राजाची पट्टी हसून हसून सुटली आणि त्याला ती सिंहासनामागे जाऊन बांधावी लागली.

मग फायुप आला. बांधलेल्या हनुवट्यांमध्ये ही एकच खरी होती, आणि ते लोकांना लगेच कळले. त्याने गाणे धरले. सुजेच्या मागून आवाज जरा खोल निघत होता, पण सूर पक्का होता. 'चंद्रासारखा माझा चेहरा' या ओळीवर तो आठ वर्षांच्या सवयीने थांबला. प्याक नेहमीसारखा खाली वाकला, त्याने फायुपच्या गळ्याकडे पाहिले, आणि गुडघ्यांवर बसून जमिनीला डोके टेकवले.

"दोन चंद्र," तो म्हणाला. "महाराज, मी खोटा."

भाच्याने मला उघडले. जबडे ताणत ताणत साठपर्यंत नेले. मी आजवर इतका उघडलो नव्हतो. तरी मावेना.

"पट्टी संपली, महाराज," भाचा म्हणाला.

राजपुत्राने रंगमंचावर हसायचे नसते. फायुप हसला. दुखत होते म्हणून सूज दोन्ही हातांनी धरून हसला. डॉक्टर निम पहिल्या रांगेत तोंडावर हात ठेवून हसत होत्या. बायका उठल्या आणि हार घेऊन मंचाकडे आल्या, आणि मोठा प्रश्न उभा राहिला, कारण हार घालायला मान सापडत नव्हती. शेवटी त्यांनी ते खांद्यांवरच ठेवले.

खेळ संपल्यावर किमलांग मावशी देवीसमोर बसल्या. लाकडाचे चंद्रकोरीसारखे दोन तुकडे त्यांनी ओंजळीत धरले, नवस फिटला का असे विचारले आणि सोडले. एक उताणा पडला, एक पालथा. म्हणजे हो. मग डोळे पुसून बाहेर आल्या आणि लमदुआनला म्हणाल्या, "पुढच्या वर्षीचं आत्ताच ठरव. राजपुत्र फायुपच. पट्टी मी आणीन."

लमदुआनने भावाकडे पाहिले. "घाल ती कपाळपट्टी नीट," ती म्हणाली. "वाकडी बसलीय. राजपुत्राला शोभत नाही." भाच्याला राजमापकाचे काम इतके आवडले होते की तो मला परत द्यायलाच तयार नव्हता.

मित्रांनो, आता दवाखान्यात पडद्यावर चित्र दाखवणारे नवे यंत्र आले आहे आणि मी बराच वेळ खणात असतो. माझी तक्रार नाही. फक्त एवढेच सांगतो, की तुमच्याकडे माझ्यासारखे एखादे साधन असेल तर ते वापरून झाल्यावर पुसा, त्याची स्प्रिंग ताणलेली ठेवू नका आणि अधूनमधून माहीत असलेली वस्तू मोजून ते खरे सांगते का ते पाहा. आणि कुणाचे माप घ्याल, तेव्हा आकडा हळू आवाजात सांगा. मोठ्याने सांगायचाच असेल, तर आधी त्याच्यासाठी एक राज्य तयार करा.

त्या गुरुवारनंतर महिन्याने फायुप आला होता. सूज उतरली होती, मान परत आली होती. बरोबर लमदुआन होती. 'हनुवटीच्या राज्या'ला तीन गावांतून बोलावणे आले होते.

"दुसऱ्यांदा टोचायचं का?" डॉक्टरांनी विचारले.

"आधी मोजा," फायुप म्हणाला. "मग ठरवतो."

"मोजा, मोजा," लमदुआन म्हणाली. "याला किती पट्टी बांधावी लागेल, तेही कळेल."

डॉक्टरांनी मला खणातून काढले, पुसले, पोलादी ठोकळ्यावर एकदा तपासले. मग फायुपच्या हनुवटीखालची घडी धरली आणि स्प्रिंग स्थिर होऊ दिली. पुन्हा धरली. तिसऱ्यांदाही धरली. मग त्याच्या कानाशी वाकून सांगितले.

साडेतेवीस मिलिमीटर.