दगडावर ठेवलेला हात

कान्होजी ख्रिस्ती झाला ही बातमी शिंदे की छावनीत, संस्थानच्या आमच्या जुन्या फौजी वस्तीत पसरली, तेव्हा धर्म बुडाल्याचं दुःख दोघातिघांनाच झालं. बाकीच्यांना आठवला तो त्याच्या हातचा मार. रिसाल्यातल्या बारा वर्षांत त्याने निम्मी आळी बडवली होती. आता म्हणे येशूची आज्ञा आहे, हात उचलायचा नाही. झालं! पहिल्याच आठवड्यात महिपतरावांनी भर रस्त्यात त्याच्या दोन मुस्काटात दिल्या आणि छाती काढून घरी गेले. दौलतसिंहाने त्याला लाथेने गटारात पाडलं. एरवी कुत्र्याला वळसा घालून जाणारी माणसं शूर झाली. मला त्याने कधी मारलं नव्हतं, म्हणून मी नुसता मोजत बसलो.

आमची भिंत एक. त्याच्या फुटलेल्या ओठावर हळद दाबताना बायको मंदाताई कडाडली ते मला स्वच्छ ऐकू आलं.

"इतके भिता त्या देवाला?"

"तू म्हणालीस म्हणून मी दारू सोडली. तुला भिऊन?"

"मला कोण भितंय!"

"मग? कुणावर जीव असला की ऐकावंसं वाटतं गं."

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी रिसाल्यातला जयसिंहराव आला. याचं दुखणं खरं होतं. १९५१ साली संस्थानची फौज भारतीय सैन्यात घेत होते, आणि त्याच महिन्यात कान्होजीने भांडणात पागेचं दार आपटून याचा उजवा पंजा चेचला होता. डॉक्टरांनी पंजा पाहून त्याला घरी धाडलं. घोड्यावाचून त्याला दुसरं काही येत नव्हतं.

त्याने दोन काठ्या आणल्या होत्या. निःशस्त्रावर वार करायचा नाही, हा आम्हा मराठ्यांचा नियम महिपतरावांना आठवला नव्हता, याला आठवला. एक काठी त्याने कान्होजीपुढे टाकली.

"उचल, कान्ह्या."

कान्होजीने काठीला हात लावला नाही. जयसिंहरावाने डाव्या हाताने खांद्यावर घाव घातला. मग पाठीवर. मग गुडघ्यावर. कान्होजी कोसळला, तोंडातून रक्त आलं.

"उचल म्हणतो ना!"

कान्होजी सरपटत दारातल्या दगडापाशी गेला आणि उजवा पंजा त्यावर पसरला. "तुझा मी मोडला. हा घे."

पडलेली काठी उचलली ती मंदाताईने. "मी नाही झाले ख्रिस्ती!" म्हणत तिने जयसिंहरावाचं कपाळ फोडलं.

"वाह भाभी! और दो!" गर्दीतून कोणी ओरडलं. तिने काठी पुन्हा उगारली.

"मंदा, टाक ती."

"का? तुमच्या देवाने मला काही सांगितलेलं नाही!"

"मी सांगतोय. भिऊन टाकू नकोस."

नवऱ्याला एक कचकचीत शिवी हासडून तिने काठी भिरकावली.

जयसिंहरावाने घाव घातला. बोटं मोडल्याचा आवाज मी भिंतीशी उभा राहून ऐकला. कान्होजी जनावरासारखा ओरडला, पण पंजा त्याने दगडावरून काढला नाही. दुसऱ्या घावासाठी काठी वर गेली आणि वरच राहिली. खाली पंजा तसाच पसरलेला होता. गर्दीतले महिपतराव हळूच सटकले.

मंदाताईने पदर फाडला. "बघतोस काय मेल्या? बस इथं. मनगट धर."

जयसिंहरावाने काठी टाकली. कपाळातलं रक्त डोळ्यात उतरत असताना तो खाली बसला आणि त्याने कान्होजीचं मनगट धरलं.

"हळू," ती ओरडली, "दुखतंय त्यांना."