चौथ्या मजल्यावरची गौर

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधली तळमजल्याची खोली विकून सगुणाबाई मुलासुनेबरोबर खरवईच्या टॉवरमध्ये राहायला आल्या आणि त्यांना एकच घोर लागला. गौरीला नवं घर सापडेल का? इतकी वर्षं ती जुन्या दारात यायची. यंदा चुकली, तर हे घर आपलं झालंच नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

"आई, लिफ्टने आणा ना," सून अनुया म्हणाली.

"गौर काय पार्सल आहे?" सगुणाबाई कडाडल्या.

शेवटी अनुया वर पाचव्या मजल्यावर दारात थांबली. सगुणाबाईंनी गेटजवळच्या तुळशीपाशी मुखवटा पुजला, सुपात घेतला, पदर नाकापर्यंत ओढला आणि जिना चढू लागल्या. वाटेत बोलायचं नाही, मागे बघायचं नाही. गुडघे मात्र सारखे बोलत होते. एकदाची जमिनीवर लक्ष्मीची पावलं दिसली, तेव्हा त्यांना हायसं वाटलं. दार उघडंच होतं.

"गौर आली!"

आतून घोगरा आवाज आला, "कशाच्या पावलांनी आली?"

मुलाला, सोहमला, सर्दी झालेली दिसते, असं त्यांना वाटलं. "सोन्यामोत्यांच्या पावलांनी!" म्हणत त्या आत शिरल्या आणि थेट स्वयंपाकघरात गेल्या. "इथे काय आहे?"

"खारी," आवाज म्हणाला. "आणि थोडी मॅगी."

सगुणाबाईंनी पदर वर केला. समोर चौथ्या मजल्यावरचे चिंतामणी! त्यांनी पहाटे खलबत्ता घेतला, की खालून झाडूच्या दांड्याने छत ठोकणारा हाच तो माणूस. दोघांचं बोलणं कधीच बंद झालेलं.

"अहो, मग अडवलं का नाही मला?" त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"दारातली पावलं हिने चिकटवलेली, वहिनी," चिंतामणी खाली बघत म्हणाले. "ती गेली, पण मला काढवली नाहीत. दरवर्षी ती गौर आणायची आणि मी आतून विचारायचो. तुम्ही हाक दिलीत आणि तोंडातून निघून गेलं. द्या, मी वर पोचवतो."

तेवढ्यात अनुया धावत खाली आली. "आई, हे काय! आपली गौर?"

सगुणाबाईंनी मुखवट्याकडे पाहिलं. आपल्या उंबऱ्याशी येता येता ती इथे थांबली, याचं त्यांना वाईट वाटलं, अगदी रडू येईल इतकं. पण एकदा आत आलेल्या गौरीला जेवल्याशिवाय बाहेर कोण काढणार? त्यांनी पदर खोचला.

"बघतेस काय? साड्या, भांडी, पुरणाची डाळ, सगळं खाली आण."

"म्हणजे आपल्याकडे यंदा गौर नाही?"

"नाही कशी? दमली गं ती. एवढे जिने चढायचे म्हणजे काय खेळ आहे?" मग त्या चिंतामणींकडे वळल्या. "आणि भाऊ, तुम्ही उभे काय राहिलात? पाट मांडा. माहेरवाशीण आलीये तुमच्याकडे."

चिंतामणी पाट शोधायला आतल्या खोलीत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.